खुद्द

"सदरा काढ," अण्णासाहेब म्हणाले.

माझा बाप उसाच्या कडेला उभा होता. फोटो काढायचा आहे, असा निरोप आधीच गेला होता, म्हणून त्यानं धुतलेला पांढरा सदरा घातलेला. डोक्याला पटका, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात घेतलेला आणि त्यानंतर पेटीतच राहिलेला. गावातनं दाढी करून आला होता. आयुष्यात त्याचा कुणी फोटो काढला नव्हता. लाजल्यासारखं हसत होता.

"सदरा?" त्यानं विचारलं.

"सदरा, पटका, पायातलं. सगळं काढ. आत बंडी आहे ना? बंडीवर उभा राहा. आणि हातात खोरं घे."

बंडी फाटकी होती. सदऱ्याच्या आत कोण बघतंय, म्हणून फाटकी. बापानं माझ्याकडं बघितलं. मी मोटारीशेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मग त्यानं पाठ फिरवली आणि सदरा काढला. कुठं ठेवावा ते त्याला कळेना. मी पुढं होऊन घेतला.

अण्णासाहेब पुढं उभे राहिले. कोट, टाय, विलायती बूट. कॅमेरा त्यांच्या भाच्याच्या हातात. "म्हाद्या, मागं हो. अजून मागं. मान खाली घाल. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, मातीकडं बघ." बापानं मातीकडं बघितलं. खटका वाजला.

माझ्या बापाचा हा एकमेव फोटो. तो आम्हाला कधी मिळाला नाही. विलायतेतल्या कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी फायलीत पडला असेल. तिथल्या साहेबानं बघून म्हटलं असेल, हा मालक आणि हा त्याचा गडी. त्याला तेवढंच कळावं म्हणून तर तो काढला होता.

हे काय चाललं होतं ते सांगते.

अण्णासाहेब सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलगा विलायतेत डॉक्टर. नवराबायको मुलाकडं जाऊन राहिले आणि तिथंच कायमचं राहायचं ठरलं. पण तिकडच्या सरकारचा नियम होता. म्हातारा माणूस आमच्या देशात बसून खाणार, तर त्याचं स्वतःचं उत्पन्न पाहिजे. त्यानं नोकरी करायची नाही, सरकारच्या गळ्यात पडायचं नाही. तसा पुरावा असेल तर व्हिसा, नाहीतर परत जा. पेन्शन तिकडच्या मानानं थोडी पडायची. म्हणून कागद करायला अण्णासाहेब परत आले, आणि त्यांना आमच्या रानाची आठवण झाली.

आमचं रान म्हणते, कारण ते आमचं होतं. सात-बाऱ्यावर त्यांचं, पण कसायला आमचं. आजोबा मेंढरं घेऊन हिंडत हिंडत माळशिरसच्या बाजूला आले, तेव्हा ते नुसतं खडकाळ पडीक होतं. आजोबांनी दगड वेचले. वाट्यानं करायचं ठरलं, अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला. लागण आम्ही करायची, खुरपणी आम्ही, थंडीवाऱ्यात उसाला पाणी द्यायला दारं आम्ही धरायची. ऊस गाडीतून श्रीपूरच्या साखर कारखान्यात जायचा, पण तिथं नोंद अण्णासाहेबांच्या नावानं. पैसे त्यांच्या खात्यात. मग त्यातनं आमचा वाटा ते देतील तेव्हा, देतील तेवढा.

कुणाच्या जिवावर जगणार नाही, एवढंच त्यांना विलायतेला पटवून द्यायचं होतं. आणि ते पटवायला माझा बाप लागत होता. मला या गोष्टीचा आजही संताप येतो.

मी तेव्हा सोलापुरात राहायची, फोटोच्या दिवशी पाण्याचा तांब्या धरायला मला मोटारीतून बरोबर नेलं होतं. सात रस्त्याजवळ अण्णासाहेबांचं घर. तिथं त्यांची विधवा बहीण राहायची, आत्याबाई. दुष्काळाच्या आदल्या वर्षी बापानं मला तिथं आणून सोडलं. मी त्यांची भांडी-धुणी करायची, दळण आणायचं, आत्याबाईंचे पाय चेपायचे, आणि त्यांनी मला शाळेत घालायचं. असा सौदा. पण सौदा कुणी म्हणायचं नाही. आल्यागेल्याला आत्याबाई सांगायच्या, "धनगराची पोर आहे, पण हुशार. आम्ही शिकायला ठेवलीय." मग पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि आत्याबाईंकडं त्याहून जास्त कौतुकानं. मी तेव्हा चहाचे कप गोळा करत असायची. वाटायचं, जमीन दुभंगावी. पण कप फुटू नयेत याचीही काळजी असायची.

गावच्या शाळेतच मला उशिरा घातलेलं. मॅट्रिकच्या वर्षाला मला अठरा पुरी होऊन गेली होती. हे वय अण्णासाहेबांना बरोबर ठाऊक होतं. का, ते मला नंतर कळलं.

फोटो काढून परत येताना मोटारीत ते भाच्याला म्हणाले, "भोळा माणूस आहे हा म्हाद्या. सांगावं ते ऐकतो." भाचा हसला. मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसले होते. मांडीवर रिकामा तांब्या. मला कुणी बघत नव्हतं.

दोन दिवसांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"वाच," अण्णासाहेब म्हणाले. "मोठ्यानं."

मी वाचलं. माझ्या बापाच्या तोंडी घातलेलं सगळं. मी अमुक अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी अण्णासाहेबांचा सालगडी असून त्यांची जमीन ते खुद्द कसतात. जमिनीचं सर्व उत्पन्न त्यांचं आहे. सदर जमिनीवर माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही व पुढेही राहणार नाही.

"सालगडी कसं?" मी विचारलं. "आम्ही वाट्यानं करतो की."

"तिकडच्या साहेबाला वाटा-बिटा कळत नाही. एक जमीन, एक मालक. त्यांना असं स्वच्छ लागतं."

"आणि वारस?"

"तो वकिली मजकूर असतो. तुझा बाप उद्या संध्याकाळी येईल. त्याला नीट समजावून सांग. परवा कचेरीत साहेबांपुढं त्याचा अंगठा होईल. त्याखाली, हा मजकूर मी त्याला वाचून दाखवला आणि त्याला समजला, म्हणून तुझी सही. अठरा पूर्ण आहेत तुला, चालतं." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "परीक्षा आली ना जवळ? पुढं कॉलेजचंही बघायचंय आपल्याला. तुझ्या बापाचं डोकं चालत नाही, तुझं चालतं. म्हणून तर तुला शिकवलं."

मी कागद घेऊन मागच्या अंगणात आले. शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंनी कूळकायदा शिकवला होता. वाट्यानं करणारासुद्धा कायद्यानं कूळ ठरू शकतो, कुळाला जमिनीवर हक्क सांगता येतो. पेपरात येईल म्हणून मी तो धडा पाठ केला होता. पाठ करताना एकदाही मनात आलं नव्हतं की यातला माणूस माझा बाप आहे. सालगड्याला मात्र त्या धड्यात जागा नव्हती. सालगडी म्हणजे सालावर राबणारा नोकर. कागदावरचा एक शब्द बदलला की तीन पिढ्या नोकर होत होत्या.

बाप दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आला. मागच्या दारानं आत आला, न्हाणीजवळच्या फरशीवर बसला. आत्याबाईंनी मला त्याला भाकरी वाढायला सांगितली, वर म्हणाल्या, "पोटभर खा रे म्हादू, उद्या मोठं काम आहे तुझं." त्याची भाकरी खाऊन झाल्यावर मी कागद काढला.

"यिसा म्हंजी काय गं?" त्यानंच आधी विचारलं. "अण्णासाब गावात सारखं यिसा यिसा करत हुतं."

"व्हिसा. दुसऱ्या देशात राहायची परवानगी."

"आन् त्येला आपलं रान कशाला लागतंय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "आबा, आधी ऐका." आणि वाचायला लागले. सालगडी या शब्दाला त्याचा चेहरा पडला. पण तो शब्द त्याला नवा नव्हता. अण्णासाहेब त्याला सालगडीच म्हणायचे, गडी म्हणायचे, म्हाद्या म्हणायचे. पुढं मी वाचलं, "जमीन ते खुद्द कसतात."

बापानं मान हलवली. चेहरा उजळला.

"हां. ह्ये बराबर ल्हिवलंय. खुद्द."

"बरोबर कसं?"

"खुद्द म्हंजी मीच की. सोता कसतो त्यो खुद्द."

मग त्यानं मला सांगितलं, आणि सांगताना तो खुशीत होता. आजोबा गेल्यावर तो चावडीत जाऊन तलाठ्याला भेटला होता. रानाला कसणाऱ्याचं नाव लागलंय का, असं त्यानं विचारलं. तलाठ्यानं वही उघडली आणि मान वर न करता सांगितलं, "खुद्द लागलंय." बाप घरी आला. आईला म्हणाला, "आपलं नाव लागलं. खुद्द लागलं." त्या दिवशी आमच्या घरात गूळ वाटला. मला आठवतो तो गूळ. मी लहान होते, कशाचा गूळ ते कळलं नव्हतं, पण खाल्ला होता. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरचा झाला. रान कुणाचं असं कुणी विचारलं की बाप म्हणायचा, "खुद्द हाय की." बैलाला दटावताना म्हणायचा, "चल, खुद्द मालक हाकतोय तुला."

सात-बाऱ्यावर खुद्द म्हणजे जमीनमालक स्वतः. मालकच जमीन कसतो असं दाखवायचं असलं की तलाठी तो एक शब्द लिहितो, आणि कसणारा माणूस कागदावरून नाहीसा होतो. इतकी वर्षं दर पीकपाहणीला त्या शब्दानं माझ्या बापाला पुसलं होतं, आणि बाप त्या शब्दावर छाती काढून चालत होता.

मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं असं क्षणभर वाटलं, कारण त्याचं तोंड बघवत नव्हतं. पण मी सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ते खरं वाटेना.

कागद हातात घेऊन त्यानं उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "मंग मी कोन?"

कागदावर उत्तर होतं, सालगडी. ते मी पुन्हा वाचलं नाही.

आतून आत्याबाईंनी हाक मारली. धुण्याचा पिळा तसाच पडला होता. बाप उठला, आणि उठता उठता हळूच म्हणाला, "त्येंचं मीठ खाल्लंय तू. तुजी परीक्षा हू दे. मी देतो अंगठा. तू शिकलीस म्हंजी रान मिळाल्यागत हाय."

त्याचा राग आला मला. अण्णासाहेबांचा आला नव्हता इतका आला. आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की हेच तर त्यांनी हेरलं होतं. मला शिकायला ठेवलं होतं ते पुण्य म्हणून नाही. मी त्यांच्या घरात ओलीस होते. भांडी घासणारी, फुकटची, हुशार ओलीस. त्यांना आमच्या घरात एक सही करणारा माणूस हवा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या खर्चानं तयार करून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी. माळशिरसच्या कचेरीत नेलं नाही, कारण तिथला शिपाईसुद्धा सांगू शकला असता की ते रान कोण कसतं. सोलापुरात अण्णासाहेबांच्या ओळखीचे एक साहेब होते. रावसाहेब म्हणून सगळे त्यांना हाक मारायचे. त्यांनी अण्णासाहेबांना खुर्ची दिली, चहा मागवला, विलायतेत थंडी किती असते ते विचारलं. बाप आणि मी दाराजवळ उभे. भाचा शाईचा पॅड घेऊन आला, त्यानं बापाचा अंगठा धरून पॅडवर दाबला, जसं जनावराला डाग द्यायला धरतात तसं. काळा अंगठा वर धरून बाप उभा राहिला.

रावसाहेबांनी कागदावरून नजर फिरवली. "वाचून दाखवलाय ना याला?"

"हो, त्याच्याच मुलीनं," अण्णासाहेब म्हणाले. "शिकलेली आहे. आम्हीच शिकवलंय. चल गं, सही कर आधी. मग त्याचा अंगठा होऊ दे."

भाच्यानं पेन माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही.

खरं सांगते, मी काही ठरवून गेले नव्हते. घरातून निघताना मी सही करणारच होते. रात्री बापाशी वाद घालून दमले होते. पण त्या खोलीत ते पेन समोर आलं आणि माझा हात वर होईना. शिकवलंय, शिकवलंय. हा शब्द मी चार वर्षं ऐकत होते. मला एकदम वाटलं, शिकवलंय ना? मग घ्या.

"वाचून दाखवलंय," मी म्हणाले. "त्यांना समजलंय पण. पण त्यातलं सगळं खोटं हाय."

घरात मी नेहमी आहे म्हणायची. आत्याबाईंनी हाय म्हणायची खोडच मोडली होती. त्या दिवशी हाय आलं तोंडातनं.

रावसाहेबांचा चहाचा कप तोंडाशीच राहिला. अण्णासाहेब हसले. "अहो, घाबरलीय पोर. कर, कर सही."

"हे खुद्द कसत नाहीत. माझा बाप कसतो. त्याच्या आधी आजोबा कसत होते. आमी वाट्यानं करतो. आमी कूळ हाय."

मग अण्णासाहेबांचं हसू गेलं. आतापर्यंत त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"चार वर्षं जेवू घातलं तुला! हे शिकलीस? नाहीतर मेंढरांमागं हिंडली असतीस, लेंड्या गोळा करत!"

"हिंडले असते," मी म्हणाले. "पण मेंढरं आमची असती."

रावसाहेब बापाकडं वळले. वैतागले होते. त्यांना खरंखोटं काही नको होतं, त्यांना हे लवकर मिटायला हवं होतं. "काय रे, तू सांग. जमीन कोण कसतं?"

मला वाटलं, आता संपलं. तो म्हणणार, मालक कसतात. माझ्या परीक्षेसाठी म्हणणार. बाप एकदा अण्णासाहेबांकडं बघून मग माझ्याकडं वळला. काळा अंगठा तसाच वर होता.

"खुद्द," तो म्हणाला.

अण्णासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "ऐकलंत? खुद्द."

"मी खुद्द," बाप म्हणाला. "मी सोता. माजा बा सोता. तुमचा तलाठी काय बी ल्हिवंल. रानाला इचारा की."

आणि त्यानं तो अंगठा दाराशेजारच्या भिंतीवर पुसला. तिथं आधीच खूप काळे अंगठे पुसलेले होते. आमच्यासारख्यांचेच असणार, अंगठा देऊन झाल्यावर पुसलेले. बापानं न देता पुसला.

रावसाहेब अण्णासाहेबांना म्हणाले, "हे तुम्ही घरी मिटवून यायला हवं होतं." बस. एवढंच. त्यांना दुसरं काही वाईट वाटलं नव्हतं. शिपायानं आम्हाला बाहेर काढलं.

घरी गेले तर माझी पेटी पायरीवर होती. पुस्तकं त्यावर टाकलेली. आत्याबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुला मी पोटच्या पोरीसारखं वागवलं." पोटच्या पोरीला कुणी न्हाणीजवळ झोपवत नाही, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. आज बोलते.

परीक्षा मी दिली. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी राहून दिली. तिचे वडील मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची, घरात तेलुगू बोलायचे. एका खोलीत ती सगळी आणि त्यात मी. कुणी मला ठेवलीय म्हणालं नाही. मी विड्यांची पानं कापत धडे म्हणायची.

अण्णासाहेबांचं काम काही अडलं नाही. त्यांनी दुसऱ्या गावचा एक माणूस उभा केला, त्यानं सालगडी म्हणून अंगठा दिला, दाखला निघाला, ते विमानानं गेले. तिथं सुखात राहिले असतील. त्यांच्यासारख्यांचं अडत नाही, हे मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं आणि त्यानंतर पुष्कळदा बघितलं. जाताना भाच्याला सांगून गेले. भाच्यानं आमच्या पाण्याची पाळी तोडली. उभा ऊस पिवळा पडायला लागला. रान सोडा म्हणून माणसं पाठवली. आई बांधावर जाऊन बसली, उठली नाही. बाप रात्रंदिवस रानातच.

मी निकालाची वाट बघितली नाही. माळशिरसला गेले. कूळ म्हणून नाव लावावं, असा अर्ज माझ्या हातानं लिहिला. कारकून म्हणाला, "बापाला पाठव, पोरी." मी म्हणाले, बाप रानात आहे, रान सोडून येणार नाही, त्याचा अंगठा अर्जावर आहे. तो म्हणाला, मोठी माणसं आहेत ती, वर्षानुवर्षं चालेल हे. मी म्हणाले, चालू दे. त्यानं अर्ज बाजूला सारला. मी तिथंच उभी राहिले. त्यानं शिक्का मारून पोच दिल्यावरच तिथून हलले.

रान मिळेल का, मला माहीत नाही. कदाचित मिळणारही नाही. पण आता पीकपाहणीला तलाठी येईल तेव्हा तो चावडीत बसून लिहिणार नाही. बांधावर येईल, आणि काय लिहिलं ते मला वाचून दाखवेल. नाही दाखवलं तर मी त्याच्या हातातली वही घेऊन वाचीन. आमच्या वस्तीतल्या बाकीच्यांचंही मीच वाचते आता. कुणाच्या रानावर काय लिहिलंय, कुणाला कशावर अंगठा मागितलाय. सगळे कागद माझ्याकडं येतात. अण्णासाहेबांच्या भाच्याला ते कळलंय, आणि ज्यांच्या ज्यांच्या जमिनी अशा लिहिलेल्या आहेत त्या सगळ्यांना कळलंय. बाजारात मला बघून तोंड फिरवतात.

मला शिकवलं याचा त्या घराला पश्चात्ताप होत असेल. होऊ दे. अजून पुष्कळ व्हायचाय.